मेंदूच्या धमनीची खेंच आणि ढील

उत्तरायणला दांडिया बाजारात मामाच्या गच्चीवर होतो. मामा पतंगाच्या मांजाची फिरकी उचलायला वाकला, झटकन उभा राहिला आणि कठडा धरून तसाच थांबला, म्हणे डोळ्यापुढे अंधारी आली. पाच-सात सेकंदांत ठीक. मामीचं लगेच सुरू, "बीपीची गोळी घेतलीत ना सकाळी?" पण खरी गंमत त्या पाच-सात सेकंदांतच आहे.

एकदम उभं राहिलं की रक्ताचं प्रेशर खाली जातं आणि मेंदूच्या धमन्यांना सैल व्हायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात मेंदूला रक्त कमी पडतं. प्रेशर वाढलं की उलटं, त्या आवळतात. विचित्रच ना, रबरी नळीत प्रेशर वाढलं तर ती फुगते, ही बाई ताण बसला की आकसते! विल्यम बेलिस ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०२ मध्येच दाखवलं होतं की मज्जातंतू तोडले तरी धमनी हे करते, म्हणजे वरून हुकूम येत नाही, भिंतीतला स्नायू स्वतःच ओळखतो.

कसं? ताण बसला की स्नायुपेशीचे काही चॅनेल, म्हणजे पडद्यातले दरवाजे, उघडतात, पेशीचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत घुसतं आणि स्नायू आवळतो. पोटॅशियम बाहेर जात राहिलं तर ह्याला ब्रेक लागतो. पण त्याच ताणाने पेशीच्या पडद्यातल्या स्निग्ध पदार्थातून अरॅकिडोनिक ॲसिड सुटतं, त्याचं २०-हेटे (20-HETE) नावाचं रसायन बनतं आणि ते पोटॅशियमचे दरवाजेच लावून टाकतं. ब्रेक गेला, म्हणजे पतंगाच्या दोरीसारखी खेंच! ढील देतो नायट्रिक ऑक्साइड, धमनीच्या आतल्या अस्तरातून येणारा वायू, ज्याच्या कामाला १९९८ चं नोबेल मिळालं, आणि हा पठ्ठ्या २०-हेटे बनणंसुद्धा कमी करतो.

धमनीची त्रिज्या फक्त १० टक्के कमी झाली तरी प्रवाह साधारण एक-तृतीयांश घटतो, म्हणून एवढीशी आवळाआवळ पुरते. पुस्तकी हिशोबाने सरासरी प्रेशर ६० ते १५० (मिलिमीटर पारा) असलं तरी १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला ५० मिलिलिटरच्या आसपास रक्त मिळत राहतं. वर्षानुवर्षं बीपी जास्त असेल तर ही रेंजच वर सरकते, म्हणून डॉक्टर जुन्या पेशंटचं प्रेशर शक्यतो एकदम खाली आणत नाहीत, हळूहळू आणतात.

मामाला हे सांगायला गेलो तर तो पतंगाला किन्ना (कन्नी) बांधत होता, ह्यावेळी खुर्चीत बसून.