दैनिक स्वयंसूचना

दैनिक स्वयंसूचना म्हणजे स्वतःविषयीचे, आपल्या मूल्यांविषयीचे किंवा योजलेल्या वर्तनाविषयीचे एखादे होकारार्थी विधान रोज ठरलेल्या वेळी मनात म्हणण्याची, मोठ्याने उच्चारण्याची अथवा लिहिण्याची, आणि त्यातून सवयीत वा स्वभावात टिकाऊ बदल घडवू पाहण्याची पद्धत होय. जप आणि नवस यांच्याशी तिचे वरवरचे साम्य आहे. मात्र जपात लक्ष उपास्याकडे लागलेले असते आणि नवसात, मग तो खानदेशात श्रावणातल्या कानबाईपुढे बोललेला का असेना, मागणे देवतेकडे असते व फेड नंतर करायची असते. स्वयंसूचनेत सांगणारा आणि ऐकणारा एकच असतो. तिचे सामर्थ्य आणि तिची कमजोरी या दोन्ही गोष्टी यातूनच येतात.

तिच्या आजच्या रूपाचा उगम फ्रान्समध्ये आहे. एमिल कुए (१८५७–१९२६) हे पेशाने औषधविक्रेते होते. नॅन्सी येथील संमोहनोपचारांचा त्यांनी अभ्यास केला. सूचना कोणीही दिली तरी रोग्याने ती स्वतःशी स्वीकारल्यावरच तिचा परिणाम होतो, असे त्यांचे मत बनले आणि पुढे त्याच शहरात त्यांनी विनामूल्य उपचारसत्रे चालवली. आपण रोज सर्व बाजूंनी अधिकाधिक बरे होत आहोत, अशा आशयाचे वाक्य सकाळी अंथरुणातून उठण्याआधी आणि रात्री निजण्याआधी प्रत्येकी २० वेळा, २० गाठींच्या दोरीवर मोजत पुटपुटावे, असे ते सांगत. इच्छाशक्ती व कल्पना यांच्यात झगडा झाला तर कल्पनाच जिंकते, हा त्यांचा मुख्य सिद्धांत होता. म्हणूनच वाक्य जोर लावून न म्हणता जवळजवळ यांत्रिकपणे म्हणावे, असा त्यांचा आग्रह असे. १९२० नंतर त्यांची कीर्ती इंग्लंड-अमेरिकेत पसरली. पुढच्या लोकप्रिय मार्गदर्शकांनी गाठींची दोरी टाकून दिली आणि वाक्य तेवढे ठेवले, पण ठेवताना ते बिघडवले. कुए यांचे वाक्य ‘बरा होत आहे’ असे सांगत होते. नंतरची वाक्ये ‘मी यशस्वी आहे’, ‘मी निर्भय आहे’ असे थेट सांगून मोकळी झाली.

मनाशी रोज बोलण्याची कल्पना भारतीय परंपरेला जुनी आहे. बाधक विचार उठले तर त्यांच्या विरुद्ध भावना जागवावी, असा प्रतिपक्षभावनाचा उपाय पातंजल योगसूत्रांत (२.३३) सांगितला आहे. मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या म्हटल्या गेलेल्या समर्थ रामदासांच्या मनाच्या २०५ श्लोकांत तर मनाला समोर बसलेल्या समंजस माणसासारखे संबोधून समजावले आहे. मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ताणाच्या प्रसंगी स्वतःला नावाने किंवा ‘तू’ म्हणून संबोधणाऱ्यांना ‘मी’ म्हणणाऱ्यांपेक्षा आपल्याच भावनांकडे थोडे दुरून पाहता आले, असे आढळले. मनाला ‘तू’ म्हणण्याचा तो जुना रिवाज केवळ काव्यापुरता नव्हता, असे यावरून वाटते.

खानदेशापुरते बोलायचे, तर या विषयाला सर्वांत उपकारक ठरणारे विवेचन धुळ्याच्या तुरुंगात झाले. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात विनोबा भावे यांनी तेथे सहबंद्यांपुढे दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले आणि अमळनेरच्या शाळेत पूर्वी शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी ती प्रवचने उतरवून घेतली. चौथ्या अध्यायाच्या निमित्ताने विनोबांनी बाहेरचे कर्म आणि त्याला आतून मिळणारी मनाची जोड, म्हणजे त्यांच्या परिभाषेतले विकर्म, यांचा संबंध उलगडला. मनाची जोड नसलेले कर्म कोरडे राहते, हा त्यातला मुद्दा. स्वयंसूचनेचा नेहमीचा दोष याच्या दुसऱ्या टोकाला आहे, कारण तिच्यात मन असते पण कर्म नसते. गांधीजींच्या आश्रमातील प्रार्थनेत रोज म्हटल्या जाणाऱ्या एकादश व्रतांना पद्यरूप विनोबांनीच दिले होते. ती व्रते नुसती म्हणण्यावर भागत नसे; सूतकताई, सफाई आणि शरीरश्रम यांनी भरलेल्या त्याच दिवसात त्यांची परीक्षा होई. उच्चार आणि आचार एका दिनक्रमात बसवल्यामुळे हे पठण आजच्या बहुतेक स्वयंसूचनांपेक्षा अधिक पक्के होते, असे म्हणावे लागते.

मानसशास्त्रीय संशोधनाचा हवाला देताना दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत सर्रास केली जाते. क्लॉड स्टील यांनी १९८८ मध्ये मांडलेली आत्मपुष्टीची उपपत्ती आत्मस्तुतीविषयी नाही. आपण एकंदरीत नेक व समर्थ आहोत ही प्रतिमा माणूस जपत असतो. एका बाजूने तिला धक्का बसला, तर दुसऱ्या एखाद्या महत्त्वाच्या मूल्याची आठवण तिला सावरते आणि मग अप्रिय सत्यही ऐकून घेता येते, असे ती सांगते. तिच्यावर आधारलेल्या प्रयोगांत सहभागी व्यक्ती कुटुंब, मैत्री, श्रद्धा, कला यांपैकी आपल्याला मोलाचे काय आणि का, हे थोडक्यात लिहितात. असे लेखन केलेले लोक व्यसनाच्या धोक्यांविषयीची माहिती कमी चिडून स्वीकारतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. शाळकरी मुलांवरील २००६ चा एक गाजलेला प्रयोग उत्साहवर्धक ठरला होता. पुढे मोठ्या प्रमाणावर केलेल्या पुनरावृत्तींत परिणाम लहान किंवा अस्थिर आढळले.

स्तुतिवाक्यांचा अनुभव मात्र वेगळा आहे. जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आपण प्रेमास पात्र आहोत असे विधान काही सहभागी व्यक्तींकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतले. ज्यांचा आत्मसन्मान मुळात चांगला होता त्यांना किंचित बरे वाटले. ज्यांचा कमी होता, म्हणजे ज्यांना अशा उपायाची गरज सर्वाधिक, त्यांना ते न म्हणणाऱ्यांपेक्षा अधिक वाईट वाटले. न पटणारे वाक्य मनात आपल्या विरुद्ध साक्षीदार उभे करते. नंदुरबारच्या मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणारा आणि धावण्यात मागे पडणारा तरुण ‘मी सर्वांत वेगवान आहे’ असे रोज म्हणू लागला, तर स्टॉपवॉच रोज संध्याकाळी त्याचे म्हणणे खोडून काढते. ‘मी साडेपाचला मैदानावर असतो आणि १६०० मीटर न थांबता पूर्ण करतो’ हे विधान त्याला स्वतःच्या पायांनी खरे करता येते.

पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये विस्ताराने मांडलेली ‘जर-तर’ योजना इथे उपयोगी पडते. अमुक प्रसंग आला की मी अमुक करीन, असे आधीच ठरवून ठेवले की कृतीची आठवण प्रसंगच करून देतो; ९४ अभ्यासांच्या २००६ मधील एकत्रित विश्लेषणात या साध्या युक्तीचा ध्येयपूर्तीवर मध्यम ते मोठा परिणाम दिसला. रावेर-यावल भागात केळीच्या बागेत राबणाऱ्या आणि तंबाखू सोडू पाहणाऱ्या माणसाने ‘मी निर्व्यसनी आहे’ असे घोकण्यापेक्षा ‘कोणी तंबाखूची पुडी पुढे केली, की मी आधी पाणी पिईन आणि बडीशेप तोंडात टाकीन’ असे रोज म्हणावे. विधान स्थळकाळाला धरूनही असावे लागते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जाणाऱ्या जळगाव-भुसावळकडे ‘दुपारी जेवल्यावर चालेन’ हा संकल्प पहिल्या आठवड्यातच मोडतो, आणि दोष मात्र माणसाच्या निश्चयाला दिला जातो. गॅब्रिएल ओटिंगेन यांच्या संशोधनानुसार यशाचे नुसते सुखद चित्र रंगवल्याने प्रयत्न ढिले पडतात; त्या चित्राशेजारी वाटेतला अडथळाही डोळ्यांपुढे आणला, तर ते टिकतात.

सवय २१ दिवसांत जडते, हा समज व्याख्यानांतून आणि सकाळी सकाळी मोबाइलवर येणाऱ्या सुविचारांतून इतका पसरला आहे की २२व्या दिवशी पुष्कळ लोक निराश होतात. फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांवर केलेल्या, २०१० मध्ये छापील अंकात आलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागतील असे दिसले, आणि व्यक्ती व वर्तन यांनुसार हा काळ १८ ते २५४ दिवस इतका बदलत होता. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकीचा एका सकाळचा नेम हुकला, तर तिने पुन्हा पहिल्यापासून मोजणी सुरू करण्याचे कारण नाही.

विधानाची भाषा पुस्तकी असू नये. ज्याचे घरचे बोलणे अहिराणी आहे, तो स्वतःवर चिडतोही अहिराणीतच. त्याने ‘मी करसू’ म्हटले तर ते ‘मी हे कार्य संपन्न करीन’पेक्षा अधिक जवळून ऐकू येते. सातपुड्यातील भिली व पावरी बोलणाऱ्यांनाही हेच लागू पडावे. नुसत्या पठणाने किती साधते, याचा अंदाज शालेय परिपाठातील प्रतिज्ञेवरून घेता येतो. दहा वर्षे रोज म्हटल्याने ती शब्दशः पाठ होते. देशबांधवांवरचे प्रेम त्याच प्रमाणात वाढतेच, असे कोणी म्हणणार नाही.

या पद्धतीच्या मर्यादा परिस्थिती आणि आजार या दोन्ही बाजूंनी आहेत. कापसावर गुलाबी बोंडअळी पडली किंवा भाव कोसळला, तर ‘मी समृद्ध आहे’ हे वाक्य शेतकऱ्याला उत्पन्न देत नाही; उलट समृद्धी न आल्यास आपलाच विश्वास कमी पडला, असे अपयशाचे खापर तो स्वतःवर फोडून घेतो. नंदुरबारच्या आदिवासी भागात आढळणाऱ्या सिकलसेलसारख्या आनुवंशिक आजाराला रक्ततपासणी व औषधोपचार लागतात, आणि कोणतेही विधान त्यांची जागा घेत नाही. सतत उदासी, झोप उडणे किंवा जीव नकोसा वाटणे अशी लक्षणे असलेल्यांना तर होकारार्थी वाक्ये घोकायला सांगणे वरील निष्कर्षांनुसार अपायकारक ठरू शकते. त्यांनी जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाकडे जावे. शासनाची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून तिच्यावर मराठीतही बोलता येते.