खाजणावरचे हवेचे मजले

अंधाऱ्या खोलीत जमिनीवर दोन मोठे पत्रे ठेवलेले, एक गुळगुळीत, एक खरबरीत. खोलीत सोडलेली वटवाघळं थोडा वेळ घिरट्या घालतात आणि मग गुळगुळीत पत्र्यावर झेपावून त्याला जीभ लावतात. पाणी प्यायला! पाणी मिळत नाही, तरी फिरून येतात आणि पुन्हा जीभ लावतात. श्टेफान ग्राइफ आणि ब्यॉर्न झीमर्स या जर्मनीतल्या संशोधकांनी हा प्रयोग २०१० साली प्रसिद्ध केला. त्यांनी तपासलेल्या पंधराही जाती गुळगुळीत पत्र्याला भुलल्या. गुळगुळीत लाकूड आणि प्लॅस्टिक यांनीही काम भागलं. आयुष्यात कधी तळं न पाहिलेली पिल्लंसुद्धा हेच करत होती.

आपल्याला हा खुळेपणा वाटतो. पण वटवाघळाच्या कानाने ऐकलं तर त्यात चूक काहीच नाही. आपण काढलेल्या श्राव्यातीत आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून ते भोवतालचं चित्र उभं करतं. झुडपावर आवाज फेकला की पानापानावरून प्रतिध्वनी उलटतो आणि कानात नुसता कालवा होतो. गुळगुळीत पृष्ठभागावर मात्र तिरपा आवाज आदळून पुढे निघून जातो. परत काहीच येत नाही. फक्त थेट खालून एक स्पष्ट प्रतिध्वनी येतो. निसर्गात इतकी सपाट वस्तू एकच असते, ती म्हणजे निवांत पाणी. ते आवाजाचा आरसा असतं आणि त्या आरशावर एखादं चिलट बसलेलं असेल तर साऱ्या शांततेत तेवढंच ऐकू येतं. पानांच्या गर्दीतला किडा शोधण्यापेक्षा ही शिकार कितीतरी सोपी.

हाच आरसा काही चौरस किलोमीटर पसरला तर? समुद्राच्या काठाला समांतर असा वाळूचा दांडा तयार झाला की त्याच्या मागे उथळ पाणी अडकतं. हे खाजण, म्हणजे लगून. ओडिशातलं चिलिका, मेक्सिकोतलं तेर्मिनोस, आयव्हरी कोस्टमधलं एब्रिये ही त्याची मोठी उदाहरणं. लाटा दांड्यावर फुटतात, म्हणून आतलं पाणी थोपतं. म्हणजे ज्या वाळूमुळे खाजण झालं, तिच्यामुळेच आरसाही झाला. उष्ण कटिबंधात हे पाणी कोमट असतं, तळाशी कुजक्या पानांचा गाळ असतो आणि त्या गाळात, दलदलीत डासांच्या आणि चिलटांच्या पिढ्या वाढत असतात. वारा सुटला की मात्र आरसा फुटतो. प्रत्येक लहानशी लाट स्वतःचा प्रतिध्वनी पाठवू लागते. मग शिकार सोपी राहते ती खारफुटीच्या आडोशाला, अरुंद फाट्यांमध्ये.

या आरशाचा सगळ्यात बिलंदर वापर करणारं वटवाघूळ मेक्सिकोपासून उत्तर अर्जेंटिनापर्यंत आणि कॅरिबियन बेटांवर राहतं. शास्त्रीय नाव नॉक्टिलिओ लेपोरायनस. आपण त्याला मासेमार म्हणू. पंखांचा विस्तार सुमारे ६० सेंटिमीटर, वजन जेमतेम ५० ते ९० ग्रॅम, वरचा ओठ मधोमध चिरलेला आणि पाय शरीराच्या मानाने अवाढव्य. नखं गळासारखी वाकलेली आणि बाजूंनी चपटी, त्यामुळे पाण्यातून ओढताना अडत नाहीत.

यातली गंमत अशी की या प्राण्याला पाण्यातला मासा ‘दिसत’ नाही. हवेतून आलेला आवाज पाण्यावर आदळला की जवळपास सगळाच उलटतो. हजारात एखादा अंशच पाण्यात शिरतो. मासा एक इंच खाली असला तरी मासेमाराच्या लेखी तो नाहीच. त्याला कळतो तो माशाने वर येऊन उठवलेला तरंग किंवा पाण्याबाहेर डोकावलेला पर. रॉडरिक सदर्स यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत जेमतेम ०.२ मिलिमीटर जाडीची तार पाण्यावर ५ मिलिमीटर उभी ठेवली होती. मासेमाराला तीही सापडली. हे साधायला आवाजही तसाच लागतो. पनामात मोजलेली त्याची हाक, तोंडापासून १० सेंटिमीटरवर धरली तर, १३७ ते १४० डेसिबल भरली. ती आपल्याला ऐकू येत नाही हे बरंच म्हणायचं.

तरंग सापडला की मासेमार खाली येतो, पाय पाण्यात बुडवतो आणि मासा उचलून उडता उडता तोंडात देतो. चावलेला घास गालांच्या पिशव्यांत भरून पुढच्या शिकारीला मोकळा. कधी कधी मात्र तो कसलाही तरंग नसताना, आधी मासे मिळालेल्या जागी, नखं पाण्यात सोडून काही मीटर नुसता खरवडत जातो. हे मला फार आवडतं. कान असे विलक्षण असताना हा गडी आठवणीच्या भरवशावरही जाळं टाकतो. चुकून पाण्यात पडलाच तर पंखांची वल्ही करून पोहतो आणि पाण्यावरूनच पुन्हा उडतो.

मोठे पाय आणि पाण्यालगतचं उड्डाण ही युक्ती एकाच घराण्याची मिरास नाही. मायोटिस नावाच्या, मासेमाराशी दूरचंच नातं असलेल्या वटवाघळांतही ती आहे. ऑस्ट्रेलियात त्यांची एक जात पाण्यावरचे किडे आणि लहान मासे टिपते, चीनमध्ये दुसरी मासे खाते. कॅलिफोर्नियाच्या आखातातल्या मायोटिस व्हिव्हेसीचं मूत्रपिंड तर इतकं समर्थ की तहान समुद्राच्या पाण्यावर भागते, असं १९६८ सालच्या अभ्यासात दिसलं.

पण पाण्यापासून हातभर उंचीवरचा हा तळमजला झाला. वटवाघळांच्या १४०० हून अधिक जाती आहेत, सस्तन प्राण्यांच्या दर पाच जातींत साधारण एक, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींना पाण्याशी फक्त पिण्यापुरतं घेणं असतं. त्या खाजणावर एकमेकींच्या वाटेत न येता कशा राहतात हे समजायला पंख पाहावे लागतात. लांब आणि अरुंद पंखांचं वटवाघूळ वेगाने उडतं, पण त्याला पटकन वळता येत नाही, म्हणून ते झाडांच्या वर, मोकळ्या आकाशात शिकार करतं. त्याची हाक खालच्या पट्टीची असते, कारण तसा आवाज हवेत दूर टिकतो. आखूड, रुंद पंखांचं वटवाघूळ सावकाश उडतं आणि फांद्यांच्या जाळीत सहज फिरतं. या दोघांच्या मध्ये, खारफुटीच्या कडेकडेने, पाकोळ्यांची, म्हणजे लहानग्या वटवाघळांची, तिसरी फौज असते. नॉर्मन मकेन्झी आणि त्यांच्या सहकाऱ्याने ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला किंबर्ली किनाऱ्यावरच्या खारफुटीत नेमकं हेच मोजलं आणि १९८६ साली मांडलं. एकाच झाडोऱ्यातल्या जातींनी झाडाच्या आतली, कडेची आणि वरची हवा वाटून घेतलेली होती आणि ज्याची जशी हवा, तसे त्याचे पंख.

दिवसाही थोडं पाहायला मिळतं. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत पाण्यावर ओणवलेल्या खोडाला काही राखाडी ठिपके एका ओळीत, सारखं अंतर राखून चिकटलेले दिसतात. नाव जवळ नेली तर शेवाळ्याचा पापुद्रा वाऱ्याने हलावा तसे ते डुलतात. ही रिंकोनिक्टेरिस, चार-पाच ग्रॅमची, लांब नाकाची वटवाघळं.

मग एखाद्या खाजणावर किती जाती आहेत? उत्तर तुम्ही काय घेऊन जाता त्यावर ठरतं. बारीक धाग्यांची जाळी दोन खांबांमध्ये ताणली तर फळं आणि मध खाणारी वटवाघळं भरपूर अडकतात. अमेरिकेतलं पर्णनासिक कुळ, ज्याच्या दोनशेवर जाती आहेत, असंच जाळ्यात सापडतं. ही वटवाघळं जंगलात खालून उडतात आणि त्यांतली बरीचशी हाक कुजबुजल्यासारखी देतात. पण वरच्या मजल्यावरून जाणाऱ्या जाती जाळीत कधीच येत नाहीत. ध्वनिमुद्रक लावला की उलटं होतं. आकाशातल्या मोठ्या हाका नोंदल्या जातात, कुजबुज हरवते. आशिया-आफ्रिकेतली मोठी वाघळं तर बहुतेक प्रतिध्वनीच्या भानगडीत न पडता डोळ्यांनी आणि नाकाने काम चालवतात, त्यांना मुद्रक काय ऐकणार? फक्त जाळी किंवा फक्त मुद्रक वापरून केलेली यादी पाहिली की मी आधी साधन कोणतं ते वाचतो, मग आकडा.

यादीची खरी पंचाईत मात्र वेगळीच आहे: जे राहतं दुसरीकडे आणि इथे फक्त जेवायला येतं, ते इथलं धरायचं का? आग्नेय आशियातल्या खाजणांच्या आणि खाड्यांच्या कडेने चिप्पी या खारफुटीची झाडं असतात. चिप्पीची कळी संध्याकाळी उमलते. आत पुंकेसरांचा जाड झुबका आणि तळाशी भरपूर मध. एका रात्रीत काम आटोपतं, सकाळी केसर गळलेले. मध प्यायला येणाऱ्या मॅक्रोग्लॉसस नावाच्या चिमुकल्या वटवाघळाचा मुक्काम जवळपासच असतो. दुसरं गिऱ्हाईक मोठं आहे, इओनिक्टेरिस. हे गुहेत राहतं, हजारोंच्या वसाहतीने. ए. एन. स्टार्ट आणि ए. जी. मार्शल यांनी मलेशियातल्या बातू गुहांच्या वसाहतीतली विष्ठा तपासली तेव्हा त्यात चिप्पीचे परागकण निघाले. गुहेपासून ती खारफुटी सुमारे ३८ किलोमीटरवर होती. हा अभ्यास १९७६ साली प्रसिद्ध झाला.

याच वटवाघळांवर दुरियान या तिथल्या फळझाडाची फळधारणाही बरीच अवलंबून असते. दुरियानचा बहर थोडे दिवस टिकतो, चिप्पी मात्र वर्षभर थोडी थोडी फुलत राहते. म्हणजे बागांना बहराच्या दिवसांत लागणारा कामकरी उरलेले महिने किनाऱ्यावरच्या चिखलातल्या झाडांवर पोसला जातो. कोळंबीच्या तळ्यांसाठी खारफुटी साफ केली की पाणी दिसायला तेवढंच राहतं, पण हा शिधा आटतो. दुसऱ्या टोकाला गुहा आहेत, त्या चुनखडीच्या डोंगरांत. चुनखडी सिमेंटला लागते आणि अशा कित्येक डोंगरांवर खाणी चालू आहेत.