लॅमिनेट का खरं लाकूड? फ्लोअरिंग ठरवण्याआधी हे वाचून घ्या

दुकानात आलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, यातलं चांगलं कुठलं? दोन्ही चांगलंच आहे हो, पण दोन्ही प्रत्येक खोलीत चालत नाही, आणि सोलापूरच्या घरात तर आधी पाण्याचं बघायचं, मग वापराचं, रंग आणि पैसे त्याच्यानंतर. म्हणून हा कागद काढलाय. निवांत वाचा, घरच्यांना पण द्या, आणि रोज फरशी जे पुसतात त्यांना तर नक्की द्या.

आधी वस्तू काय आहे ते समजून घ्या. लॅमिनेट म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली एचडीएफची पट्टी, तिच्यावर लाकडाची डिझाइन छापलेला कागद आणि सगळ्यात वर कडक पारदर्शक थर. या थरात अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड असतं म्हणून त्याला ओरखडा लवकर पडत नाही. जाडी बहुतेक ८ नाहीतर १२ मिलिमीटर. पूर्वी पट्ट्या गोंदाने जोडायचे, १९९० च्या दशकात क्लिकचं लॉक आलं, म्हणजे पट्टीची कडा दुसरीच्या खाचेत खटकन बसते, तेव्हापासून जोडणं आणि पुन्हा उकलणं दोन्ही सोपं झालं.

खऱ्या लाकडात दोन प्रकार. सॉलिड म्हणजे वरपासून खालपर्यंत एकच लाकूड, साधारण १८-२० मिलिमीटर. इंजिनिअर्ड म्हणजे वर २ ते ४ मिलिमीटर खरा ओक किंवा साग आणि खाली प्लायचे उभे-आडवे थर. पट्टी हातात घेऊन बाजूने बघा, लगेच कळतं. वरून बघून मात्र फसायला होतं, आजकाल लॅमिनेटची छपाई फार चांगली येते.

आता आपल्या हवेचं. लाकूड हवेतली ओल ओढतं आणि सोडतं, ओल ओढली की रुंदीत फुगतं, सुकलं की आकसतं, लांबीत फारसा फरक पडत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर आणि हवा एकदम कोरडी, नंतर पावसाळा, त्यात सप्टेंबरचा पाऊस जोरात. म्हणजे वर्षभरात लाकडाची बरीच ओढाताण होते आणि सॉलिडच्या पट्ट्यांमध्ये उन्हाळ्यात फटी दिसायला लागतात. त्यात भर कुलरची. बाहेर कोरडी हवा आणि खोलीत रात्रभर कुलरची ओली हवा, सकाळी कुलर बंद केला की परत कोरडं, असं दोन-तीन महिने रोज चालतं, आणि वर कुलरच्या टाकीतून थेंब थेंब पाणी गळत असतं ते वेगळंच. ज्या बेडरूममध्ये कुलर लागतो तिथे सॉलिड लाकूड टाकू नका असं आम्ही स्पष्ट सांगतो, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. इंजिनिअर्ड टिकतं, कारण खालचे उलटसुलट थर एकमेकांना धरून ठेवतात, पण कुलर खिडकीच्या बाहेर बसवायचा आणि पाणी आत येऊ द्यायचं नाही.

पाण्याला लॅमिनेट लाकडापेक्षा भारी, असं बरेच जण समजून येतात. वरून पाणी पुसून निघतं, हे खरं. पण जोडातून आत मुरलं तर एचडीएफ फुगतं आणि एकदा फुगलं की परत बसत नाही, पट्टीच बदलावी लागते. पटत नसेल तर दुकानातून एक तुकडा घरी न्या, रात्रभर पाण्यात ठेवा आणि सकाळी कडेवरून बोट फिरवा, कडा भाकरीसारखी टम्म फुगलेली लागेल. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे घरात बॅरल आणि कळशा भरलेल्या, पाणी आलं की पळापळ आणि सांडासांड. म्हणून स्वयंपाकघर, मोरी, बाथरूमच्या दारासमोरची जागा आणि बॅरल असतील तो पॅसेज, इथे दोन्ही नको. लाकडाचाच लुक पाहिजे असेल तर एसपीसी घ्या, त्याची पट्टी दगडाची पावडर आणि प्लास्टिकची असते, पाण्याने फुगत नाही. नाहीतर सरळ व्हिट्रिफाइड टाइल्स, त्यात काही वाईट नाही.

पुसायचं कसं हा प्रश्न तर घ्यायच्या आधीच सुटला पाहिजे. बादलीभर पाणी ओतून झाडूने काढायची सवय असेल तर कुठलंच लाकडी फ्लोअरिंग टिकणार नाही. मॉप घट्ट पिळून फिरवायचा, फिनेलचा मारा नको, अ‍ॅसिड तर अजिबात नको. हळद-कुंकू, समईचं तेल लॅमिनेटवरून लगेच पुसलं की निघतं, पण ऑइल फिनिशच्या, म्हणजे वरून नुसतं तेल पाजलेल्या लाकडात मुरून डाग राहतो. देवघर त्याच खोलीत असेल तर हे लक्षात ठेवा.

पोरं, सायकल, लोखंडी कॉट ओढणं असलं सगळं चालतं तिथे लॅमिनेट बरं पडतं. बॉक्सवर एसी-३, एसी-४ असा आकडा असतो, जास्त आकडा म्हणजे घासण्याला जास्त टिकाऊ. घरासाठी एसी-३ चालतं, हॉलमध्ये आणि लहान मुलं असतील तर एसी-४ घ्या. तिथेच ई-१ लिहिलंय का तेही बघा, म्हणजे गोंदातून निघणारा फॉर्मल्डिहाइड नावाचा त्रासदायक वायू कमी असतो. लाकडावर खड्डे, ओरखडे लवकर पडतात पण ते घासून परत पॉलिश करता येतं. इंजिनिअर्डचा वरचा थर ३-४ मिलिमीटरचा असेल तर एक-दोनदा, सॉलिड असेल तर कितीतरी वेळा. लॅमिनेट घासता येत नाही, खाली छापलेला कागद आहे ना. म्हणून लॅमिनेट घेताना एक बॉक्स जास्तीचा घेऊन माळ्यावर टाका, चार वर्षांनी तोच शेड मिळेल याची खात्री नसते.

ग्राउंड फ्लोअरला घर असेल, विशेषतः पेठेतलं जुनं शहाबादी फरशीचं, तर आधी ओल तपासा. हातभर प्लास्टिकचा कागद फरशीवर चारी बाजूंनी टेपने चिकटवा, दिवसभर राहू द्या, काढल्यावर खाली पाण्याचे थेंब दिसले किंवा फरशी काळपट पडली तर खालून ओल येतीय. ती बंद झाल्याशिवाय काम सुरू करायचं नाही. वाळवीचं औषधही त्याच वेळी मारून घ्या. जुनी फरशी उंचसखल असते, मोजायची दोन मीटरची सरळ पट्टी फरशीवर ठेवून तिच्याखाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर लेव्हल करून घ्यावं लागतं, नाहीतर चालताना करकर आवाज येतो आणि लॉक तुटतात.

बसवताना भिंतीलगत ८-१० मिलिमीटर गॅप सोडतात, ती चूक नाही, पट्ट्यांना हलायला जागा लागते आणि वरून स्कर्टिंगने ती झाकली जाते. एका घरी आम्ही काम करून गेल्यावर गवंड्याने चांगलं दिसावं म्हणून ती गॅप व्हाइट सिमेंटने भरून टाकली, पावसाळ्यात मधल्या पट्ट्या वर उचलल्या. तसं कुणाला करू देऊ नका. भिंतीतलं जड वॉर्डरोब आधी बसवा, फ्लोअरिंग नंतर. आणि दाराखाली जागा बघा, ८ मिलिमीटरची पट्टी आणि तिच्याखाली अंथरायचा २ मिलिमीटरचा फोम मिळून एक सेंटिमीटर उंची वाढते, बऱ्याचदा दार खालून तासावं लागतं.

पैशाचं म्हणाल तर चांगलं इंजिनिअर्ड लाकूड लॅमिनेटच्या कितीतरी पट जातं. आमचं मत विचाराल तर भाड्याच्या घरात, मुलांच्या खोलीत किंवा पहिल्यांदाच करत असाल तर लॅमिनेट. स्वतःचं घर, वरचा मजला, कुलर नाही आणि पायाखाली खरं लाकूड पाहिजे अशी मनापासून हौस, तर एका खोलीत इंजिनिअर्ड करा, जपून वापरलं तर खूप वर्षं सुख देतं. पैसे ताणून हलकं लाकूड घेण्यापेक्षा त्याच पैशात उत्तम लॅमिनेट कधीही चांगलं.

दुकानात येताना खोलीची लांबी-रुंदी आणि फरशीचा, दाराखालचा फोटो घेऊन या. दहा बाय बाराच्या खोलीला १२० स्क्वेअर फूट होतात, कटिंगमध्ये वाया जातं म्हणून साधारण १३० चा माल धरा. माल घरी आला की बॉक्स त्याच खोलीत दोन दिवस आडवे ठेवायचे, उभे नाही, मगच आमचा मिस्त्री काम सुरू करेल.