वॉयनिचचं न वाचलेलं पुस्तक आणि त्यातल्या कृत्तिका

वॉयनिच हस्तलिखिताबद्दल बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. 1912 मध्ये विल्फ्रिड वॉयनिच नावाच्या जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्याने रोमजवळ फ्रास्कातीला जेझुइट पाद्र्यांकडून ते विकत घेतलं, आता ते अमेरिकेत येल युनिव्हर्सिटीच्या बायनेकी लायब्ररीत आहे. 2009 साली कार्बन डेटिंग केलं तेव्हा ज्यावर ते लिहिलंय ते कातडं 1404 ते 1438 च्या दरम्यानचं निघालं. लिपी सलग, सराईत हाताने लिहिलेली, पण आजवर कुणालाही त्यातलं एक वाक्यही खात्रीने वाचता आलेलं नाही.

माझं लक्ष जातं ते त्यातल्या ताऱ्यांच्या पानांकडे. अनोळखी लिपी फोडायची तर आधी विशेषनामं पकडायची हा जुना हातखंडा आहे, फ्रेंच अभ्यासक शांपोलियनने 1822 मध्ये टॉलेमी आणि क्लिओपात्रा ह्या नावांवरूनच इजिप्तची चित्रलिपी उलगडली. आता वॉयनिचमध्ये राजेबिजे नाहीत, पण तारे आहेत आणि ताऱ्याशेजारी एकेक शब्द लिहिलाय, म्हणजे ते नावच असणार ना! आणि आकाश तर तेव्हाही हेच होतं. रोहिणीला युरोपातले लोक अरबीवरून अल्डेबरन म्हणायचे, मग चित्रातली रोहिणी सापडली की शेजारच्या शब्दातली सहा-सात अक्षरं आयती हातात.

68 नंबरच्या घडीच्या पानावर एका चक्राच्या मधोमध चंद्राचा चेहरा आहे आणि एका बाजूला सात ताऱ्यांचा छोटा घोस. आपल्याकडे डिसेंबरात गच्चीवर गेलात की वर दिसतो तोच, कृत्तिका (निदान तसं दिसतं तरी). 2014 मध्ये स्टीफन बॅक्स ह्या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने तिथला शब्द ‘टॉरन’ असा वाचला, कारण कृत्तिका वृषभेत म्हणजे टॉरसमध्ये येतात. मग वनस्पतींच्या पानांवर कोथिंबीर, जुनिपर वगैरे नावं शोधत एकूण 10 शब्द आणि 14 चिन्हांचे उच्चार त्याने मांडले. खूप गाजलं ते. पण तीच 14 चिन्हं घेऊन पुढचा परिच्छेद वाचायला गेलं की काहीच हाती लागत नाही, आणि खरी परीक्षा तीच असते, चार सोयीचे शब्द कुणालाही जुळवता येतात.

दुसरी अडचण जास्त मजेशीर आहे. राशींच्या पानांवर प्रत्येक राशीभोवती बहुतेक ठिकाणी 30 बायका काढल्यात, त्यांच्यापाशी एकेक तारा आणि एकेक शब्द, आणि हे 30 म्हणजे उघडच राशीचे 30 अंश. मेष आणि वृषभ 15-15 अशा दोन चक्रांत विभागल्यात, मकर-कुंभेचं पान हरवलंय, तरी जवळजवळ 300 शब्द उरतात. पण ते सगळे एकाच छापाचे, बहुतेकांची सुरुवात त्याच दोन-तीन चिन्हांनी होते. कुणी म्हणेल की अरबी नावं ‘अल’ने सुरू होतात तसंच हे असेल, अल्डेबरन, अल्गोल, अल्टेर. कल्पना छान आहे पण त्याच यादीत रायजेल आणि व्हेगासुद्धा असायला हवेत की नाही? शिवाय असल्या सुरुवातीचे शब्द पुस्तकात झाडपाल्याच्या पानांवरही भेटतात, मग ती नावं ताऱ्यांचीच कशावरून.

आणि आकाश दिसलं की माणूस वाहवत जातो हेही खरं. 1921 मध्ये विल्यम न्यूबोल्ड नावाच्या प्राध्यापकाने एका गोल चित्रात चक्क देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा गॅलेक्सी) पाहिली, आणि हे पुस्तक तेराव्या शतकातल्या रॉजर बेकन ह्या इंग्रज पंडिताचं आणि त्याच्याकडे दुर्बीण होती असंच ठरवून टाकलं. दीर्घिकेचे सर्पिल हात, म्हणजे भोवऱ्यासारखे वळत गेलेले पट्टे, माणसाला पहिल्यांदा दिसले ते 1845 मध्ये, आयर्लंडमध्ये, तेही 72 इंचाच्या दुर्बिणीतून आणि वेगळ्याच दीर्घिकेचे. देवयानी आपल्याला इतकी तिरपी दिसते की तिचे हात कळायला फोटोच काढावे लागले. 1931 मध्ये जॉन मॅनली ह्या अभ्यासकाने न्यूबोल्डची सगळी उकल मोडीत काढली, शाईला पडलेल्या भेगाच न्यूबोल्ड गुप्त अक्षरं म्हणून वाचत होता! पुढे कार्बन डेटिंग आलं आणि बेकनचा विषयच संपला, तो 1290 च्या दशकातच गेला होता.

मग खगोलशास्त्राचा काहीच उपयोग नाही का? माझ्या मते आहे, फक्त अक्षरांसाठी नाही. मीनेच्या चक्रात मधे कुणीतरी नंतर साध्या रोमन अक्षरांत ‘मार्स’ म्हणजे मार्च लिहिलंय, मेषेत ‘अब्रिल’ म्हणजे एप्रिल, असं डिसेंबरपर्यंत. तेव्हाच्या ज्युलियन कॅलेंडरप्रमाणे 1 मार्चला सूर्य मीनेतच असायचा, 1 एप्रिलला मेषेत, म्हणजे लिहिणाऱ्याचा हिशेब बरोबर आहे. महिन्यांची ती रूपं फ्रान्सकडच्या बोलींची वाटतात. आणि धनूचा धनुर्धारी अर्धा घोडा असायचा तो इथे दोन पायांवर उभा साधा माणूस आहे, हातात क्रॉसबो (दांड्यावर आडवं बसवलेलं धनुष्य), असा धनू जर्मन भाषा चालणाऱ्या भागातल्या त्या काळच्या पंचांगांत भेटतो. त्या चक्रात वाचता येतो तो एकच शब्द, महिन्याचा, आणि तो मूळ लेखकाचा नाहीच.

लायब्ररीने सगळी पानं स्कॅन करून फुकट ठेवलीयत, कृत्तिकांचं पान उघडून झूम करून बघा आणि ते तारे खरंच सात आहेत का ते स्वतः मोजा.