इंदुरात पान कुजवलं जातं, टिकवलंही जातं: हिवाळी कड्यांची पार्श्वभूमी

इंदूरचं नाव जगभरच्या शेतकी पुस्तकांत गेलं ते पान कुजवण्यामुळे. १९२४ साली इथे निघालेल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’त अल्बर्ट हॉवर्ड यांनी पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर देऊन सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसवली. १९३१मध्ये ती ग्रंथरूपाने आली आणि ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली गेली. दारावरच्या हिवाळी कड्यासाठी, म्हणजे रीथसाठी, पानं-फळं राखणं हे नेमकं तिच्या उलट काम. कुजायला ओल, हवा आणि सूक्ष्मजीव लागतात. घरात हवा अडवता येत नाही, बुरशीचे बीजाणू हाकलता येत नाहीत. आपल्या हातात राहते ती फक्त ओल. ती काढून घ्यायची, तिच्या जागी दुसरं काही भरायचं, नाहीतर वरून लेप देऊन तिची ये-जा थांबवायची.

मराठी घरात याची सवय नाही, आणि त्याला कारण आहे. आपलं तोरण ताज्या आंब्याच्या पानांचं. ते वाळलं की निर्माल्य. ‘पुष्पचक्र’ म्हटलं की डोळ्यांपुढे श्रद्धांजलीच येते, म्हणून इथे ‘कडं’ म्हटलेलं बरं. वर्षभर टिकणारं आपल्याकडचं तोरण म्हणजे नव्या भाताच्या लोंब्यांचं, कारण पिकलेल्या लोंबीत मुळात पाणीच थोडं.

युरोपात पानाफुलांची कडी ग्रीक-रोमन काळापासून आहेत. नाताळाआधीच्या आठवड्यांशी त्यांची गाठ पडली ती बरीच नंतर. हॅम्बुर्गमध्ये अनाथ मुलांसाठी संस्था चालवणाऱ्या योहान हिनरिक विखर्न यांनी १८३९ मध्ये लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या. हिरवा पाला त्यावर पुढे चढला. माळव्यात महूची छावणी १८१८ च्या मंदसौर तहानंतर बसली, तर कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचं इंदुरातलं काम १८७७ पासूनचं. नाताळ इथे रुळला, पण त्याच्या चित्रांतली होली आणि फर ही झाडं थंड मुलखातली. इथल्या कड्याला इथलाच पाला घ्यावा लागतो.

ग्लिसरीन पहिल्यांदा वेगळं केलं ते स्वीडनच्या कार्ल विल्हेल्म शीले यांनी, १७७९ मध्ये, ऑलिव्ह तेल शिशाच्या ऑक्साइडबरोबर तापवून. ते मुबलक झालं एकोणिसाव्या शतकात, साबण आणि स्टिअरिनच्या मेणबत्त्यांच्या कारखान्यांमुळे. चरबी फोडली की एकीकडे मेणबत्तीचा माल मिळतो, दुसरीकडे ग्लिसरीन उरतं. म्हणजे कड्यावरची मेणबत्ती आणि त्यातलं मऊ राहिलेलं पान, दोन्हींचं मूळ एकाच कढईत.

ग्लिसरीन हवेतली ओल धरून ठेवतं आणि उडून जात नाही, म्हणून पान कुरकुरीत होत नाही. पण ते पानापर्यंत चढतं पानाच्याच बाष्पोत्सर्जनावर, म्हणजे पान हवेत पाणी सोडतं त्या ओढीवर, आणि बहुतेक लोक फसतात ते इथे. हवा दमट असेल तर पान पाणी खेचत नाही. इंदुरात ऋतू आपल्या बाजूचा आहे: कोजागिरीच्या सुमारास पाऊस सरलेला, हवा कोरडी, आणि पावसाळ्यातला पाला जून झालेला. कोवळे शेंडे आधीच खुडून टाका, ते हमखास माना टाकतात.

२५० मिली ग्लिसरीन, ५०० मिली गरम पाणी, उकळतं नको. नीट ढवळा, नाहीतर ग्लिसरीन तळाशी बसतं. फांद्या ३० ते ४० सेंमी लांब, सकाळी कापलेल्या. खालचे ५ सेंमी हातोडीने ठेचून उभट बरणीत ८-१० सेंमी द्रावणात, सावलीत ठेवा. पातळी उतरली की भर घाला. निलगिरीला एक-दोन आठवडे पुरतात, सिल्व्हर ओक आणि मोरपंखीला तीनही लागतात, रबराच्या जाड पानांना त्याहून जास्त. रंगातला बदल पानाच्या टोकापर्यंत पोचला की काढा. लवकर काढलं तर टोकं वाळून गळतात. उशीर झाला तर पानाच्या कडेला चिकट थेंब दिसतात. ते पुसून फांदी उलटी टांगायची. हिरवा रंग मात्र राहत नाही, हरितद्रव्य मोडतंच. पान शेवाळी किंवा तपकिरी होतं, आणि आम्हाला तेच अधिक शोभिवंत वाटतं.

ओल काढून घेण्याची रीत फुलांना बरी. पूर्वी त्यासाठी कोरडी वाळू वापरत. आता सिलिका जेलचे ओल शोषणारे दाणे वापरतात. त्याचं पेटंट अमेरिकेत वॉल्टर पॅट्रिक यांना १९१९ मध्ये मिळालं.

फळांचं गणित वेगळं. जाड सालीतून ग्लिसरीन आत जात नाही. इथे कामाला येते आपली लाख. पळस, कुसुम, बोर यांच्यावरच्या किड्याचा हा राळेसारखा स्राव. त्याचा चपडा, म्हणजे शुद्ध करून केलेले पातळ पापुद्रे, स्पिरिटमध्ये विरघळवला की पॉलिशवाल्यांचं शेलॅक होतं. ५० ग्रॅम चपडा ५०० मिली स्पिरिटमध्ये काचेच्या बरणीत रात्रभर ठेवून गाळा, आणि गॅसपासून लांब ठेवा. फळं देठासकट, पूर्ण पिकण्याआधी तोडून आठवडाभर सावलीत सुकवा, मगच दोनदा बुडवा. ओल्या फळावर लेप दिला तर पाणी आत कोंडतं आणि फळ काळं पडतं. लेप पांढुरका झाला तर हवेत किंवा स्पिरिटमध्ये पाणी होतं.

बकाणाचे पिवळे घोस उत्तम. ते हिवाळाभर झाडावरच सुकत लटकतात. ड्युरांटाची फळं आक्रसतात, तरी चालतात. कुंतीची लाल फळं रसाळ, त्यांच्या वाटेला जाऊ नये. गुंजेला लेप लागतच नाही. कवच इतकं घट्ट की वजन फारसं बदलत नाही, म्हणून तर सोनारांनी तिची रत्ती केली. मात्र फुटलेली गुंज गिळली तर जीवघेणी, आणि बकाण-ड्युरांटाही विषारी. लहान मुलांच्या घरात कडं उंचावरच टांगा आणि गुंजेला भोक पाडू नका.

सांगाडा मधुमालतीच्या ओल्या वेलांचा, ३५ सेंमी व्यासाचा, चार वेढ्यांचा. वेल सुकला की बारीक होतो, तेव्हा आठवडाभराने तार पुन्हा आवळावी लागते. नाहीतर जानेवारीत फांद्या एकेक करून निसटतात. पावसाळ्यात ग्लिसरीनचं पान ओल ओढून पाझरतं, भिंतीवर डाग पडतात. मे संपायच्या आत कडं वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवायचं. प्लास्टिकच्या पिशवीत नाही.