मोटार शर्यतींची भाकीत लीग : विजेते व विजेतेपदाचा निर्णय

मोटार शर्यतींच्या हंगामात प्रत्येक शर्यतीपूर्वी तिच्या निकालाचा अंदाज लेखी नोंदवायचा आणि अंदाज जितका अचूक तितके गुण मिळवायचे, अशा मित्रमंडळींतील हौशी स्पर्धेस भाकीत लीग म्हणतात. पोल (शर्यत सुरू होताना सर्वांत पुढची जागा) कोणाला मिळेल व पहिले तीन चालक कोणते, हे प्रश्न बहुतेक लीगमध्ये असतात. हंगामाअखेर सर्वाधिक गुण मिळवणारा सदस्य त्या वर्षाचा विजेता ठरतो.

या प्रकाराच्या उगमाविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार ही लीग म्हणजे फँटसी खेळांची शाखा होय. त्या खेळांचा आरंभ सामान्यतः डॅनियल ओक्रेंट व त्यांच्या मित्रांनी 1980 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेल्या रोटिसरी बेसबॉल लीगपासून मानतात. तथापि समाजशास्त्रज्ञ विल्यम गॅमसन यांचा 1960 च्या सुमाराचा बेसबॉलविषयक खेळ आणि विल्फ्रेड विंकेनबाख यांची 1962 ची अमेरिकन फुटबॉल लीग हे त्याहून जुने दाखले आहेत. दुसऱ्या मतानुसार भाकीत लीगचे मूळ ब्रिटनमधील फुटबॉल पूल्समध्ये, म्हणजे सामन्यांच्या निकालांवर पैसे लावण्याच्या खेळांत, शोधावे लागते. त्यांपैकी लिटलवूड्सचा पूल 1923 मध्ये सुरू झाला. फँटसी खेळात सहभागी व्यक्ती संघ बांधते आणि खेळाडूंच्या कामगिरीवर तिचे गुण वाढतात, तर पूल्समध्ये आणि भाकीत लीगमध्ये ती केवळ निकाल सांगते. हा फरक लक्षात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, मात्र पूल्समध्ये पैसा लागतो आणि मैत्रीच्या लीगमध्ये सहसा लागत नाही.

विजेत्यांच्या याद्या बहुधा त्या त्या गटाच्या गुणतक्त्यांपुरत्याच राहतात. त्यांतील वादाचे मुद्दे मात्र सर्वत्र सारखे आहेत, आणि त्यांत पहिला मुद्दा कोणता निकाल ग्राह्य धरायचा हा होय. 2024 च्या बेल्जियन ग्रां प्रीत (फॉर्म्युला वन या जागतिक मालिकेतील शर्यतीत) जॉर्ज रसेल, लुईस हॅमिल्टन व ऑस्कर पियास्त्री या क्रमाने चालकांनी अंतिम रेषा ओलांडली. नंतर रसेलची गाडी किमान वजनापेक्षा 1.5 किलोग्रॅमने हलकी भरल्याने तो अपात्र ठरला आणि हॅमिल्टन, पियास्त्री व शार्ल लक्लेर असा क्रम झाला. ज्या लीगमध्ये केवळ अचूक स्थानाला गुण आहेत, तेथे मूळ क्रम तंतोतंत लिहिणाऱ्याची तिन्ही उत्तरे त्याच संध्याकाळी चुकीची ठरली. 2003 च्या ब्राझिलियन ग्रां प्रीचा विजय तर प्रथम किमी रायकोनेनला देऊन पाच दिवसांनी जियानकार्लो फिसिकेला याच्या नावावर करण्यात आला. म्हणून निकाल कोणत्या क्षणी गोठवायचा हे हंगामाआधीच लिहून ठेवणे इष्ट.

पोलची व्याख्याही निर्विवाद नाही. 2021 मध्ये सिल्व्हरस्टोन येथे शुक्रवारच्या पात्रता फेरीत (सुरुवातीच्या जागा ठरवणाऱ्या फेरीत) हॅमिल्टन सर्वांत वेगवान होता. परंतु शनिवारची स्प्रिंट, म्हणजे मुख्य शर्यतीआधीची छोटी शर्यत, जिंकल्याने अधिकृत पोल मॅक्स व्हर्स्टॅपेनच्या नावे नोंदला गेला. 2022 पासून हा मान पुन्हा पात्रता फेरीतील वेगवान चालकाकडे आला. जुन्या तक्त्यांची तुलना करताना हा बदल विसरला जातो.

काही लीग सदस्याचे सर्वांत कमी गुणांचे काही आठवडे वगळतात, जेणेकरून सुट्टीवर गेलेला गडी मागे पडू नये. फॉर्म्युला वनमध्येही 1990 पर्यंत अशी पद्धत होती. 1988 मध्ये आलेन प्रोस्टचे एकूण गुण 105 व आयर्टन सेन्नाचे 94 होते, पण सर्वोत्तम अकरा निकालच धरल्याने 90 विरुद्ध 87 गुणांनी सेन्ना जगज्जेता झाला. एकूण गुण आणि मोजलेले गुण यांपैकी कोणत्या आधारावर यादी केली, हे न सांगणारी विजेत्यांची यादी निरुपयोगीच म्हणावी लागेल. अर्ध्या गुणाचेही तसेच: 1984 मध्ये निकी लाउडा 72 विरुद्ध 71.5 अशा फरकाने प्रोस्टच्या पुढे राहिला, आणि त्या वर्षी पावसामुळे मध्येच थांबवलेल्या मोनॅको शर्यतीला निम्मे गुण दिले गेले होते.

विजेता कोणत्या प्रश्नावर ठरतो हे हंगामाच्या स्वरूपावर अवलंबून असते. 2023 मध्ये व्हर्स्टॅपेनने 22 पैकी 19 शर्यती जिंकल्या. अशा वर्षी विजेत्याचे नाव सगळेच बरोबर लिहितात आणि चढाओढ तिसऱ्या स्थानाभोवती होते. याउलट 1996 च्या मोनॅको शर्यतीत चौदाव्या स्थानावरून निघालेला ऑलिव्हिए पानिस जिंकला आणि अंतिम रेषेपर्यंत केवळ तीन गाड्या धावत होत्या. असा निकाल लिहिणारा भाग्यवान की जाणकार, हे एका शर्यतीवरून ठरवता येत नाही. तरीही अनेक हंगामांच्या तक्त्यांत वारंवार वर राहणारा सदस्य जाणकारच मानावा.

 भारतात ऑगस्ट 2025 मधील ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. पैसा न लावता चालणाऱ्या मैत्रीच्या लीग त्या बंदीच्या कक्षेत येत नाहीत.