लोकपाल: गाऱ्हाण्यातून निघाला, भ्रष्टाचारात अडकला

लोकपाल म्हटले की आपल्याला 2011 चे रामलीला मैदान, गांधीटोपी आणि अण्णा हजारेंचे उपोषण आठवते. पण ज्या सरकारी कागदावर या पदाची पहिली शिफारस झाली, त्याचा विषय मुळात भ्रष्टाचार नव्हता. मोरारजी देसाई यांच्या अध्यक्षतेखालील प्रशासकीय सुधारणा आयोगाने ऑक्टोबर 1966 मध्ये अंतरिम अहवाल दिला, तो नागरिकांच्या गाऱ्हाण्यांच्या निवारणावर होता. अडलेली पेन्शन, रखडलेला फेरफार, कारण न देता नाकारलेला परवाना. यात लाच मागितलेली असेलच असे नाही. साहेबांनी फाइल नुसती ठेवून दिली, तरी माणूस नाडला जातोच.

कल्पना स्वीडनची. तिथे राजाला पदच्युत केल्यावर 1809 च्या राज्यघटनेने संसदेच्या वतीने अधिकाऱ्यांवर नजर ठेवणारा ‘ओम्बुड्समन’ नेमायची सोय केली. ओम्बुड्समन म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम पाहणारा. पुढची शंभर वर्षे ही संस्था स्वीडनबाहेर गेली नाही. 1955 मध्ये डेन्मार्कने आणि 1962 मध्ये न्यूझीलंडने ती घेतली, तेव्हा आपल्याकडेही चर्चा सुरू झाली. 1963 मध्ये लोकसभेत लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी त्यासाठी ‘लोकपाल’ हा शब्द योजला. एरवी सरकारी प्रतिशब्द उच्चारताना जीभ अडखळते. हा मात्र लगेच रुळला.

शब्द रुळला, कायदा काही होईना. 1968 चे विधेयक लोकसभेत मंजूरही झाले होते, पण राज्यसभेतून पुढे जाण्याआधीच लोकसभा विसर्जित झाली. त्यानंतर 1971, 1977, 1985, 1989, 1996, 1998, 2001 अशी विधेयके येत राहिली. सरकारे बदलली, पक्ष बदलले, विधेयकाचे नशीब तेच.

राज्यांनी वाट पाहिली नाही. कायदा आधी केला ओडिशाने, पण प्रत्यक्ष लोकायुक्त, म्हणजे राज्यापुरता लोकपाल, आधी नेमला महाराष्ट्राने, 1972 मध्ये. आपल्या 1971 च्या कायद्यात ‘गाऱ्हाणे’ आणि ‘आरोप’ असे दोन वेगळे प्रकार आहेत, आणि माझ्या मते त्याचे खरे मोल तिथेच आहे. गैरकारभाराने झालेला अन्याय हे गाऱ्हाणे. पदाचा दुरुपयोग आणि भ्रष्टाचार हा आरोप. मूळ स्वीडिश कल्पना या पहिल्या शब्दात शाबूत राहिली. उणिवा होत्याच: मुख्यमंत्री कक्षेबाहेर, आणि लोकायुक्तांच्या हाती फक्त शिफारस. मंत्रालयासमोरच्या कार्यालयातून गेलेली शिफारस मंत्रालयाने किती मनावर घ्यायची, हे मंत्रालयच ठरवणार. कर्नाटकात मात्र तिथले लोकायुक्त संतोष हेगडे यांच्या बेकायदा खाणींवरील अहवालानंतर, जुलै 2011 मध्ये, मुख्यमंत्री येडियुरप्पा यांना राजीनामा द्यावा लागला.

त्याच वर्षी दिल्लीत आंदोलन पेटले. ते पेटले भ्रष्टाचारावर, म्हणून कायदाही त्याच साच्यात घडला. 2013 च्या कायद्याने लोकपालाच्या कक्षेत पंतप्रधानही आले, काही अपवाद राखून. गाऱ्हाणे मात्र बाहेर राहिले. त्यासाठी डिसेंबर 2011 मध्ये वेगळे विधेयक मांडले होते, ते 2014 मध्ये लोकसभेबरोबर निकालात निघाले. लोकपाल नेमायलाही 2019 चा मार्च उजाडला. अधिकृत विरोधी पक्षनेताच नसल्याने निवड समिती अपुरी आहे, ही सबब सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये अमान्य केली होती, तरीही. पहिले लोकपाल न्या. पिनाकी चंद्र घोष. संस्थेने बोधवाक्य निवडले ईशावास्योपनिषदातले, ‘मा गृधः कस्यस्विद्धनम्’: कोणाच्याही धनाचा लोभ धरू नकोस. म्हणजे तिथेही पैसाच.

महाराष्ट्राचे नवे लोकायुक्त विधेयक विधानसभेने डिसेंबर 2022 मध्ये आणि विधान परिषदेने डिसेंबर 2023 मध्ये मंजूर केले. त्यात मुख्यमंत्री कक्षेत आहेत, पण चौकशीआधी विधानसभेच्या दोन-तृतीयांश सदस्यांची संमती लागते. रोख केंद्रासारखाच, भ्रष्टाचाराकडे. दाखला वेळेत मिळाला नाही, एवढेच गाऱ्हाणे असलेल्यासाठी 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यातली पहिली दोन अपिले ऐकतात त्याच खात्यातले वरिष्ठ.